कालपर्यंत मशीनवर होतो, आता सुपरवायझर केलंय. पोरं ऐकत नाहीत का मलाच जमत नाहीये?

फर्स्टपीस

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, आधीच सॉरी.

चाकणला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे (नाव नको). आयटीआय टर्नर, आठ वर्षं झाली, आधी ऑपरेटर मग सेटर (नव्या पार्टसाठी मशीन लावून देणारा), आणि दिवाळीनंतर जुना सुपरवायझर सोडून गेला तर मॅनेजर म्हणले आता लाईन तूच बघ. ११ सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीन), माझ्या शिफ्टला १४ पोरं, त्यात ५ परमनंट, बाकी सगळी कॉन्ट्रॅक्टची आणि ट्रेनी. पगार वाढला साडेतीन हजार आणि ओटी बंद झाली, म्हणजे हिशोब केला तर हातात कमीच येतंय, पण तो विषय वेगळा.

प्रॉब्लेम असा की दिवसभर नुसता पळतोय. दादा इन्सर्ट (मशीनमधली कापायची पाती) संपले, दादा प्लग गेज कुठंय, दादा चार नंबरला अलार्म आलाय, दादा प्रोग्राम जुना लावू का नवा. परवा गंमत म्हणून फोन मोजले तर एका शिफ्टला ६३. सेटिंग चेंज असलं की मीच करतो कारण मला ४० मिनिटं लागतात आणि पोरांना दोन तास, तेवढ्यात पीपीसीवाला (प्रॉडक्शन प्लॅनिंगचा माणूस) डोक्यावर येऊन उभा राहतो. घरी गेलो तरी सेकंड शिफ्टचे फोन चालूच, बायको म्हणते कंपनीतच गादी टाक.

त्यात आमच्याकडं एक नाना आहेत, बावन्न वर्षांचे, मला टूल ग्राइंड करायला त्यांनीच शिकवलंय. हात असा की आवाजावरनं सांगतील इन्सर्ट गेला म्हणून, पण कागदावर रीडिंग लिहायचं म्हणलं की कपाळाला आठ्या. त्यांना मी काय बोलणार. आणि एक जण, ज्याच्या गाडीवर बसून सहा वर्षं कंपनीत आलो, तो आता समोर दिसलो की मुद्दाम सगळ्यांसमोर "या साहेब" म्हणतो.

आता खरा किस्सा. गेल्या महिन्यात एका पार्टचा बोअर (आतलं भोक) होता २२ मिलीमीटरचा, वर २१ मायक्रॉनपर्यंत चालतो, खाली शून्य. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला बोअर ३ वर चालला होता, तर नानांनी १२ चा ऑफसेट दिला (मशीनला तेवढं मोठं कापायला लावलं), म्हणजे १५ वर आला, आरामात आत, बरोबरच केलं. पण लिहिलं नाही. सेकंडच्या पोरानं येऊन ट्रॉलीतला नग उचलून मोजला, तो ऑफसेटच्या आधीचा निघाला, ३ दिसले म्हणून त्यानं परत १२ दिला. झाला २७. दर दहाव्या नगाला मोजायचं असतं पण रीडिंग शेवटी बसून एकदमच भरली जातात हे सगळ्यांना माहितीये. मग इन्सर्ट झिजत झिजत बोअर आपोआप परत आत आला म्हणून ८४ खराब नगांवरच थांबलं, नाहीतर अख्खी शिफ्ट गेली असती. बोअर मोठा झाल्यावर रीवर्क पण नाही, डायरेक्ट भंगार.

मॅनेजरनी मला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर धुतला. मी येऊन लाईनवर सगळ्यांसमोर त्या पोराला धुतला, नानांना पण दोन शब्द बोललो. तेव्हापासून लाईनवर सगळे गप्प, रिजेक्शन कमी दिसायला लागलं, मला वाटलं बरं झालं, वचक बसला. आणि मागच्या आठवड्यात चिपची (कापताना निघालेल्या धातूच्या किसाची) ट्रॉली खाली करताना त्यात नऊ नग सापडले. खराब नग लपवून टाकलेले.

आता काय करू? सरळ परत सेटर करा म्हणून सांगावं असं पण मनात येतंय.

---

रोखठोक

सिंपल आहे. दोन जणांना मेमो दे, सगळी लाईन सरळ होईल. मैत्रीबित्री गेटच्या बाहेर ठेवायची. लाड केले की डोक्यावर बसतात, मी बारा वर्षं हेच बघतोय.

---

जुना_फोरमन

भोसरीत ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे, वेळ भरपूर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

रोखठोक, मेमो देणार कोणाला? परमनंटला दिला तर युनियनवाले संध्याकाळी एचआरमध्ये जाऊन बसतील, आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोराला मेमो नसतोच, त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. म्हणजे चूक दोघांची आणि घरी बसणार तो ट्रेनी. लाईनवरच्या पोरांना हे गणित तुमच्या आमच्या आधी कळतं.

फर्स्टपीस, तुझ्या धाग्यात खरी बातमी ते ८४ नग नाहीत रे, ते नऊ आहेत. ८४ ची चूक कुणीही करेल, मी स्वतः असा दुहेरी ऑफसेट दिलेला आहे, तोही नवीन असताना नाही, चांगला मुरलेला असताना. पण चिपमध्ये नग सापडला म्हणजे तू ओरडलास त्याची पावती आली. माझ्या एका शॉपमध्ये मशीनच्या मागं गटारीत चाळीसेक नग सापडले होते, पाणी तुंबलं म्हणून कळलं. तेव्हाचा आमचा साहेब रिजेक्शनचा आकडा बघून खूष होता.

तर पहिलं काम हे कर, त्या नऊ नगांचा तपास करू नकोस. कोणी टाकले विचारूच नको. उलट ते नऊ नग धुवून टेबलावर मांड आणि त्या पोरांना विचार की ह्याच्यात काय काय गेलंय ते मला मोजून सांगा. मोजताना बोलतात पोरं. आणि ज्याला सगळ्यांसमोर धुतलास त्याची माफी पण सगळ्यांसमोरच माग, बाजूला घेऊन मागितलेली माफी लाईनवर पोचत नाही.

दुसरं, शिफ्ट बदल. तुमची फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटत असेल तर सव्वातीनला सगळे हात धुवायला गेलेले असतात, बरोबर ना? कारण बस पावणेचारला निघते आणि खिडकीची जागा पाहिजे असते. म्हणजे कागदावर चार्ज देणं-घेणं आहे आणि प्रत्यक्षात येणारा आणि जाणारा एकमेकांना गेटवर भेटतात. ह्याला तू भाषणानं बदलू शकत नाहीस. म्हणून चार्ज माणसाकडून माणसाला द्यायचा हा हट्ट सोड, नगावर ठेव. जाणाऱ्यानं शेवटचा नग मोजायचा, ट्रॉलीत टाकायचा नाही, मशीनच्या टेबलावर ठेवायचा आणि त्या नगावरच मार्करनं लिहायचं, बोअर १५, ऑफसेट दिला १२, किती वाजता. येणाऱ्यानं तोच नग आधी मोजायचा, मग स्टार्ट. ट्रॉलीतला नग उचलायचाच नाही. नाना कागदावर लिहिणार नाहीत, नगावर लिहितील. जुन्या माणसाला कागद म्हणजे कारकुनी वाटते आणि नग म्हणजे आपलं काम.

आणि नानांना हे तू सांगू नकोस. विचार त्यांना, की नाना असं परत होऊ नये म्हणून काय करायचं. सांगतील तेच जे मी वर लिहिलंय, किंवा ह्याच्याहून बरं काहीतरी.

---

कंटाळलेली_कोडर

माझं क्षेत्र एकदम वेगळं, हिंजवडीत टीम लीड आहे, सात जणांची टीम, आमच्याकडं ना कूलंट ना चिप. पण ४० मिनिटं विरुद्ध दोन तास हे वाचून मला माझाच आरसा दिसला म्हणून लिहितेय.

लीड झाले तेव्हा पहिलं वर्षभर मी रात्री बसून ज्युनिअर्सचा कोड परत लिहायचे. त्यांना सांगायचे पण नाही, सकाळी येऊन बघतात तर सगळं बदललेलं. मला वाटायचं मी टीमला वाचवतेय. मग तीन महिन्यांत दोन जणांनी पेपर टाकले आणि त्यातल्या एकीनं जाताना सरळ सांगितलं की इथं मी काय लिहिते त्याला अर्थच नाही, तू पुसणारच आहेस. एक आठवडा झोप नाही लागली मला.

ते ६३ फोन आहेत ना, तीन दिवस फक्त लिहून काढ. कोणाचा आणि कशासाठी, एवढंच, खिशात छोटी वही ठेव. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त चारच प्रकारचे निघतील. वस्तू कुठंय विचारणारे फोन हे माणसांचे प्रॉब्लेम नसतात, कपाटाचे असतात. इन्सर्टची चावी तुझ्या खिशात आहे का? असेल तर ते फोन तूच लावून घेतलेत असं समज. आमच्याकडं सर्व्हरचे पासवर्ड फक्त माझ्याकडं होते आणि मी मिटिंगमध्ये रडायचे की मला कोणी काम करू देत नाही.

मग उरतात "हे करू का ते करू" वाले. तिथं उत्तर द्यायच्या आधी तुला काय वाटतं हे विचारायचं, आणि तो जे म्हणेल त्यानं नग मरणार नसेल तर तुझ्या पद्धतीपेक्षा वेगळं असलं तरी हो म्हणायचं. फार अवघड जातं हे, तोंडात उत्तर आलेलं असतं.

सेटिंगचं म्हणशील तर आठवड्यात एक सेटिंग अशी निवड जिच्यावर त्या दिवशी डिस्पॅच अडकलेलं नाही, आणि ती एका पोराला करू दे, तू बाजूला उभं राहायचं, हात मागं बांधून, शब्दशः. दोन तास लागू देत. पीपीसीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव म्हणजे तो डोक्यावर येणार नाही.

(अवांतर: आमच्याकडं रोज सकाळी १५ मिनिटांची उभ्यानं मीटिंग असते, ती पन्नास मिनिटं चालते आणि सगळे बसतात. सुरू करणार असशील तर जपून.)

---

मागवाला

इचलकरंजीचा आहे, घरचे माग. थोडक्यात लिहितो.

धागा तुटला की माग थांबला पाहिजे ही आमच्यातली पहिली अक्कल. नाही थांबला तर कापडात जी नक्षी उठते ती मीटरभर पुढं गेल्यावर दिसते. त्या टोयोटावाल्यांचं मूळ हेच आहे. साकिची टोयोडा मागच बनवायचा, १९२४ च्या त्याच्या ऑटोमॅटिक मागात धागा तुटला की माग आपोआप बंद, गाड्या नंतर आल्या. पुढं त्यांच्या कारखान्यात तीच गोष्ट माणसाच्या हातात दिली, काही चुकतंय वाटलं की कामगार दोरी ओढतो आणि टीम लीडर धावत येतो. मदतीला येतो, जाब विचारायला नाही.

आता तुमच्याकडं बघा. त्या सेकंडच्या पोराला शंका आली असती आणि त्यानं मशीन थांबवून तुम्हाला फोन केला असता तर तासाचं प्रॉडक्शन वीस नगांनी कमी पडलं असतं, मग संध्याकाळी त्याला कोण काय बोललं असतं? खरं खरं सांगा. थांबवणाऱ्याला शिव्या आणि दाबून चालवणाऱ्याला शाबासकी असेल तर चिपची ट्रॉली भरतच राहणार.

---

रोखठोक

सगळे फार गोड बोलताय. टार्गेट कोण देणार मग? वरचा साहेब फर्स्टपीसला दोरी ओढू देतो का?

---

मागवाला

हा मुद्दा मात्र बरोबर आहे तुमचा. नाही देत. तो सुपरवायझरनं स्वतःच्या अंगावर घ्यायचा, दुसरा उपाय मला तरी माहिती नाही.

---

घाटाखालचा

मी मूळचा राजगुरुनगरच्या बाजूचा, म्हणजे चाकणच्या अगदी शेजारचाच, पण आमची अर्धी आळी मुंबईला डब्यावर. मामा अंधेरीला मुकादम होते. म्हणून त्या "या साहेब" बद्दल लिहितो, त्याच्यावर कोणीच बोललं नाही.

डब्याची लाईन १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, तेव्हापासून आमच्या खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावकडचीच माणसं त्यात. मुकादम म्हणजे काय, तर ह्यांच्यातलाच एक, तोच पोशाख, तीच टोपी, राहायला पण सगळे एकाच खोलीत. कमाई गटात वाटली जाते. आता अशा माणसाचं बाकीच्यांनी का ऐकावं? मी मामांना विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, कोणाचा खाडा झाला तर त्याची लाईन मी उचलतो, आणि हे सगळ्यांना माहितीये. मी म्हणलं मग रोज उचलता का? तर म्हणाले, रोज उचलली तर मला मुकादम कशाला म्हणतील, हमाल नाही का म्हणणार.

म्हणजे कोडरताईंचं म्हणणं पटतं पण हात मागं बांधायचे ते येत नाही म्हणून नाही, येत असताना बांधायचे. तुला सेटिंग ४० मिनिटांत येते हीच तुझी टोपी आहे, ती सोडू नकोस.

आणि फोनचं. डब्याच्या झाकणावर खूण असते, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठल्या बिल्डिंगला, कितव्या मजल्यावर. दादरला गाडी बदलताना कोणी मुकादमाला विचारत नाही की हा कुठं न्यायचा, डबाच सांगतो. फोरमनकाकांची नगावर लिहायची आयडिया वाचून मला एकदम तेच आठवलं.

बाकी तुझा मित्र. तो चिडवतोय कारण त्याला वाटतंय तू बदललास, किंवा त्याला वाटत होतं की त्यालाच करतील. दुसरं असण्याचा चान्स जास्त आहे. त्याला एकदा कंपनीबाहेर, टपरीवर, गाठून विचार की तुला पाहिजे होतं का रे. भांडला तर भांडू दे. आणि अजून त्याच्याच गाडीवर येतोस का? धाग्यात तू "आलो" असं लिहिलंयस म्हणून विचारतोय.

---

फर्स्टपीस

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी लिहितोय. मधे ऑडिट होतं, सगळी लाईन रंगवण्यात गेली.

माफी मागितली. तो ट्रेनी इतका लाजला की तोच पळून गेला कँटीनला, म्हणजे अर्धी माफी त्याच्या पाठीला मागितली. पण बाकीच्यांनी ऐकली.

नऊ नग मांडले तेव्हा सुरवातीला सगळे खाली बघत होते. मग एकानं मायक्रोमीटर घेतला आणि म्हणला दादा ह्यातले तीन तर चांगलेत की. खरंच चांगले होते! घाबरून टाकलेले, गेज नीट न पुसता लावला म्हणून अडकला, आणि खराब समजून चिपमध्ये. त्यावर सगळे हसले, मी पण. मग कळलं की एअर गेजचा मास्टर (गेज बरोबर दाखवतोय का ते तपासायचा नमुना) एकच आहे आणि तो क्वालिटीच्या रूममध्ये कुलपात, आणायला गेलं की तो इन्स्पेक्टर दहा प्रश्न विचारतो म्हणून कोणी जात नाही. मला आठ वर्षं हे माहिती होतं, मी पण जायचो नाही. सुपरवायझर झाल्यावर विसरलो होतो. आता मास्टर लाईनवर आलाय, त्यासाठी क्वालिटीवाल्याशी तीन दिवस भांडलो.

वही केली. तीन दिवसांचे मिळून १७१ फोन. त्यातले ५८ इन्सर्ट आणि गेज. आणि कोडरताई, हो, चावी माझ्याच खिशात होती. आता इन्सर्टचा डबा लाईनवर ठेवलाय, जुना इन्सर्ट टाकायचा आणि नवा घ्यायचा, एकास एक. पहिल्याच आठवड्यात दोन कमी भरले पण मॅनेजरला सांगितलं की माझ्या नावावर धरा. फोन परवा मोजले तर ३४.

नानांना विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघतो तर टेबलावर नग, त्यावर खडूनं लिहिलेलं, "१४, दिला नाही". ऑफसेट दिला नाही हे पण लिहायचं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, येणाऱ्याला तेच जास्त पाहिजे असतं. आता सेकंडवाले नगाला नानांचं पत्र म्हणतात. थर्ड शिफ्टला मात्र अजून कोणी करत नाही, तिकडं सुपरवायझरच वेगळा आहे आणि त्याला वाटतं मी शहाणपणा शिकवतोय.

रोखठोक, परवा एकानं शंका आली म्हणून मशीन थांबवली, २५ मिनिटं, काही निघालं नाही, नग बरोबरच होते. संध्याकाळी मीटिंगला मी म्हणलं मीच थांबवायला सांगितली होती. बोलणी खाल्ली. तेवढं एक बरं झालं की ते दुसऱ्या दिवशी लाईनवर पोचलं होतं, कसं ते माहिती नाही, मी तर कोणाला सांगितलं नव्हतं.

सेटिंग एकच करू दिली. पोरानं दीड तास घेतला, मधे जॉ (नग पकडणारा जबडा) उलटा बसवला, मी जीभ चावून उभा होतो, हात नाही राहिले मागं, दोनदा पुढं गेले.

मित्राचं, हो घाटाखालचे, त्यालाच पाहिजे होतं. गाडी आता वेगवेगळी आहे. बोलतो, पण आधीसारखं नाही, बघू.

एक शंका राहिली, खडू कूलंटनं पुसला जातो. मार्कर आणला तर तो ओल्या नगावर उठतच नाही. काय वापरता तुम्ही?

---

जुना_फोरमन

ऑइल पेंट मार्कर घे, पांढरा किंवा पिवळा. नग आधी कोरड्या कापडानं पुसायचा, एअरनं नाही, एअरनं कूलंट बोअरमध्येच परत बसतं. आणि मशीन केलेल्या फेसवर लिहू देऊ नकोस, कास्टिंगच्या कच्च्या बाजूला लिहायचं. तो नग डिस्पॅचला जायच्या आधी थिनरनं पूस, नाहीतर नानांचं पत्र कस्टमरला पोचेल आणि त्यांच्या क्वालिटीवाल्याचा मेल येईल, दिला नाही म्हणजे काय दिलं नाही म्हणून. मार्कर दोऱ्यानं टेबलाला बांधून टाक, चार दिवसांत गायब होतात.

---

कंटाळलेली_कोडर

जीभ चावून उभा होतास हेच खूप आहे. मला सहा महिने लागले होते. थर्ड शिफ्टवाल्याला तू सांगू नकोस, नानांचा एक नग त्याच्या टेबलावर ठेवून ये.

---

फर्स्टपीस

ठेवला तर तो म्हणेल रिजेक्शन माझ्या नावावर ढकलतोय. पण बघतो करून. मार्करची इंडेंट टाकलीये, स्टोअरवाला म्हणतो सहा कशाला, दोन पुरतील.